एकवीस दावी

नांदेडला स्टेशनच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. बाहेर पाटी लावलीय, तिच्यावर 'गोपनीय चौकशी' एवढंच लिहिलेलं. माझं नाव पाटीवर नाही, कार्डावरही नाही. लोकांना वाटतं डिटेक्टिव्ह म्हणजे काळा चष्मा आणि कोट. आमच्याकडं मे महिन्यात कोट घालून फिरणारा माणूस कुणाची चौकशी करायच्या आधी स्वतःच उन्हानं आडवा होईल. मी चपला घालतो, खांद्याला पिशवी अडकवतो आणि एसटीनं फिरतो. खून-दरोड्याला माझ्याकडं कुणी येत नाही. आलाच कुणी तर मागच्या जिन्यानं मीच पळून जाईन.

माझं पंधरा आणे काम सोयरिकीचं. पोरगा पितो का, पोरीचं आधी कुठं जमून मोडलं होतं का, सांगितलेलं शेत खरंच त्यांचं आहे का भावकीत भांडण लागलंय, असलं. ह्या कामाची माझी एक रीत आहे. गावात शिरलो की ज्याची चौकशी आहे त्याचं नाव मी काढतच नाही. पिठाच्या गिरणीवर नाहीतर न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्या माणसाबद्दल काहीतरी चुकीचं बोलून द्यायचं. चुकीची गोष्ट गावाला सहन होत नाही. लगेच चार जण दुरुस्त करायला येतात, आणि दुरुस्त करता करता सगळं सांगून मोकळे होतात. मग मी घरी येऊन एका ओळीचा अहवाल लिहितो. 'सोयरीक करण्यास हरकत नाही' किंवा 'हरकत आहे.' आलेल्या प्रत्येक माणसाला मी सुरुवातीला एकच वाक्य सांगतो, आठ दिवसांत सांगतो. इतक्या वर्षांत हे वाक्य कधी खोटं पडलं नव्हतं, ह्याची मला जरा घमेंडच होती.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात उदगीरचे एक गृहस्थ जिना चढून आले. डाळीचे व्यापारी. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. आमच्यातलेच, लिंगायत. 'शरणार्थ' म्हणाले, मीही म्हणालो. मुलाचं जमत आलंय म्हणाले, मुलगी लातूरची, शिकलेली, घर चांगलं, फक्त तिच्या आजोळाबद्दल एक गोष्ट कानावर आलीय. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

'मुलीच्या आईचे वडील,' ते म्हणाले. 'बहात्तरच्या दुष्काळात गावाची गुरं चारायला म्हणून किनवटच्या जंगलाकडं घेऊन निघाले, आन् वाटेत खाटकाला विकून मोकळे झाले म्हणतात. गावानं वाळीत टाकलं होतं. खरं-खोटं तेवढं बघा. आम्हाला हुंडा नको, मानपान नको. पण नंदी विकणाऱ्याच्या रक्ताची पोरगी देवघरात कशी घ्यावी, तुम्हीच सांगा.'

चिठ्ठीवर माझ्या अप्पांचं नाव होतं.

म्हणजे ती मुलगी माझी सख्खी भाची. बहिणीचं सासरचं आडनाव वेगळं, पाटीवर माझं नाव नाही, त्या बिचाऱ्याला काय कळणार? ह्या स्थळाबद्दल बहिणीनं मला फोनवर सगळं सांगितलं होतं. दादा, मुलाकडच्यांची चौकशी कर म्हणाली तेव्हा मीच म्हणालो होतो की घर चांगलंय, काही गरज नाही. त्यांनाही आमची चौकशी करावीशी वाटेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एवढी अक्कल मी दुसऱ्यांना शिकवतो.

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं की साहेब, हा माझा बाप आहे, तुम्ही दुसरीकडं जा. मी सांगितलं नाही. दुसरीकडं गेले तर तिथला माणूस काय लिहून देईल, ही भीती. आणि आपल्या हातात आलंय तर आपणच चांगलं लिहून टाकू, हा लबाडपणा. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि म्हणालो, 'आठ दिवसांत सांगतो.'

खरं म्हणजे हे काम मी फार आधी, कुणी न सांगता करायला पाहिजे होतं. शंभर गावांत शंभर जणांच्या बापांबद्दल विचारलं, स्वतःच्या बापाबद्दल कधी विचारलं नाही. आम्ही गाव सोडून नांदेडला आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बहीण इथं जन्मली, तिला काहीच माहीत नाही. अप्पांनी मोंढ्यात पोती उचलली, अव्वानं, म्हणजे आईनं, लोकांच्या पापड-शेवया केल्या, आणि घरात गावाचं नाव कधी निघालं नाही. एकदा आमची एक आत्या भांडताना म्हणाली होती, 'गुरं विकून आलेला तू.' अप्पा उठून बाहेर गेले. आत्या परत कधी आली नाही. तेवढ्यावर मी काय ते समजलो होतो.

आणखी दोन गोष्टी होत्या, त्या मी मनातल्या मनात पुरावा म्हणून धरल्या होत्या. गल्लीतली गाय दारात आली की अप्पा आतल्या खोलीत जायचे. अव्वा गाईला चपाती घालायची, हळदी-कुंकू लावायची, आणि अप्पा ती जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मी मनात म्हणायचो, कसे येतील? दुसरी गोष्ट कपड्यांची. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला एक जाड दोरी होती, सुताची, हातानं वळलेली, जागोजाग गाठी मारून लांब केलेली. त्या दोरीवरचा कपडा अप्पा कधी स्वतः काढायचे नाहीत. कामावर जायची घाई असली तरी उघडे उभे राहायचे, 'सदरा दे' म्हणून अव्वाला हाक मारायचे. मला वाटायचं, केवढा हा पुरुषी माज. अव्वा काही न बोलता काढून द्यायची.

गावाला जायला अहमदपूरची एसटी धरली, तिथून शिरूर अनंतपाळ, पुढं जीप. अप्पांच्या लेखी आमचं गाव अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. ते निघून आल्यावर लातूर जिल्हा झाला, पुढं शिरूरला तालुका झाला, अप्पांनी त्यातलं काही बघितलं नाही. कुठलाही फॉर्म भरताना ते जुनाच जिल्हा सांगायचे आणि मी चिडून खोडायचो. त्या चिडण्यात एक बारीक समाधानही होतं, हे आता कबूल करतो. गाव दुसऱ्या जिल्ह्यात गेलं म्हणजे जणू ती जुनी गोष्टही तिकडंच कुठंतरी राहिली, असं वाटायचं.

गावाची काही कळा राहिली नव्हती. वेशीजवळ टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती, बाया सावली धरून बसल्या होत्या. मी गिरणीवर गेलो. वीज नव्हती म्हणून गिरणी बंद, पण माणसं होती. पाणी मागायची लाज वाटली, म्हणून नुसताच बसलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर माझी नेहमीची युक्ती काढली. म्हणालो, ह्याच गावचा ना तो, दुष्काळात मठातली भांडी विकून पळालेला?

म्हणताना जीभ अडखळली. ती युक्ती मी आयुष्यभर परक्यांवर वापरली होती.

'भांडी न्हाई ओ,' कोपऱ्यातला एक म्हातारा लगेच बोलला. नव्वदीच्या आसपासचा, पण आवाज खणखणीत. 'गुरं. भांड्याला कोण रडतंय? एकवीस जनावरं घिऊन गेल्ता. चारा न्हाई, पाणी न्हाई, सगळ्यांनी हात जोडून त्याच्या हवाली केली. त्याला गुरांचं लई कळायचं, म्हून. आन् दोन-अडीच आठवड्यानं एकटाच माघारी आला, खांद्यावर दाव्यांचा भारा घिऊन.'

'मेली असतील की वाटेत,' मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की हा कुठला शहरातला येडा. 'मेली असती तर दावी कशाला आणली असती?'

मला पुढं समजवायची गरज नव्हती. ही रीत आमच्याकडं लहान लेकराला ठाऊक असते. बैल विकला तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो, जुनं सोडून घ्यायचं आणि घरी आणून खुंटीला टांगायचं, कारण गोठ्याची बरकत दाव्यात असते म्हणतात. आणि जनावर मेलं तर दावं घरात आणायचं नाही, ते त्याच्याबरोबरच टाकून द्यायचं. म्हणजे दावं माघारी आलं, तर जनावर विकलं. ह्यात दुसरं काही असूच शकत नाही. खांद्यावर एकवीस दावी घेऊन माणूस वेशीतून आत आला, तिथंच निकाल लागला होता.

'मग काय म्हणाला तो?' मी विचारलं.

'काय म्हणतो? आमी पारावर बसवलं. कुठं विकली, कुणाला विकली, इचारून इचारून थकलो. तोंडाला कुलूप. मठाच्या स्वामींनी त्या घरी जायचं बंद केलं. त्याची बायको पाण्याला आली की बाया उठून जायच्या. म्हैन्यात गेले निघून. दावी बी संगंच घिऊन गेला, बगा, एवढा निर्लज्ज.'

मला एकदम आमच्या अंगणातली ती गाठी मारलेली दोरी आठवली. अव्वाला घरात दोरी लागायची, तिनं भारा सोडून वापरायला काढली असणार. तिला काय, सूत म्हणजे सूत. माझ्या शाळेचा सदरा, बहिणीचे फ्रॉक, पुढं भाचीची दुपटी, सगळं ह्या गावाच्या बैलांच्या दाव्यांवर वाळलं होतं. मी पिशवी उचलली.

निघताना त्या म्हाताऱ्यानं घागरींच्या रांगेतल्या एका बाईकडं बोट दाखवलं. 'तिला इचारा. तिचा देवणी बैल व्हता त्याच्यात.'

खूप म्हातारी बाई होती. घागरीवर हात ठेवून बसली होती, कुणी नंबर घेईल म्हणून. मी बाजूला उकिडवा बसलो. तिला युक्तीची गरजच नव्हती, ती कुणालाही सांगत असणार.

'दोन व्हते माझे,' ती म्हणाली. 'एक हितंच मेला, दावणीला. नऊ दिस बसून व्हता. उठंना, मरंना. डोळं उघडं ठिऊन नुसता माझ्याकडं बगायचा. घागरभर पाणी, ते लेकराला पाजू का त्याला पाजू? मी दाराकडं पाठ करून बसायची. त्याचं तसं झालं म्हून दुसरा धाडला त्या माणसासंगं. दुसऱ्याच्या कानाला काळा ठिपका व्हता.'

'त्यानं विकला म्हणतात,' मी म्हणालो.

'हाव. खाटकाला. पैल्यानं लई शिव्या दिल्या मी. त्याच्या लेकराबाळांचं वाटोळं हो म्हणाले.' ती थांबली, पदरानं तोंड पुसलं. 'आता म्हणते, बरं झालं. एका घावात सुटला. त्या पैल्यासारखं बसून ऱ्हावं लागलं न्हाई त्याला. तेवढं एक बरं झालं माझ्या जिवाला.' मग माझ्याकडं निरखून बघत तिनं विचारलं, 'तुमी कोण्या गावचे?'

'नांदेडचा.'

'तिकडंच गेला म्हणं तो. हाय का मेला, काय की.'

'माहीत नाही,' मी म्हणालो. आणि टँकर आला म्हणून ती उठली, मीही उठलो. तिची घागर भरून घरापर्यंत नेऊन दिली. एवढंच मला करता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेतल्यावर मी अप्पांना विचारलं. जसं मी कधी कुणाला विचारत नाही, तसं विचारलं, म्हणजे सरळ. सगळं सांगितलं, चिठ्ठी दाखवली, नातीचं लग्न ह्याच्यावर अडलंय म्हणालो. अप्पा ऐंशीच्या घरातले, कान शाबूत, डोकं शाबूत. चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव त्यांनी बोटानं चाचपून बघितलं.

'विकली का?' मी विचारलं.

'न्हाई.'

एवढं ऐकल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही. बावन्न वर्षांचा माणूस मी, माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं. आयुष्यभर ज्याच्यावर मनातल्या मनात निकाल देऊन बसलो होतो तो माणूस समोर बसून 'न्हाई' म्हणत होता. मी म्हणालो, अप्पा, मग मिटलं. मी तसं लिहून देतो. पण मग झालं काय?

अप्पांनी सांगितलं, ते थांबत थांबत. अहमदपूर सोडलं तेव्हा जनावरं नुसती सापळा झाली होती. लोह्याकडं जाताना मधे सगळा माळ, झाड नाही, विहिरी कोरड्या. पळून जाऊ नयेत म्हणून अप्पांनी एकाचं दावं दुसऱ्याच्या दाव्याला गाठून ती जोडी-जोडीनं बांधली होती. एक पडलं की ते दुसऱ्याला खाली ओढायचं. एका दुपारी सगळीच बसली. उठवायला गेले तर उठेनात. मेली नव्हती. बसली होती.

'म्हणलं, दावी सोडू. ज्याला उठता येईल ते उठून कुठं पाल्याला तोंड तर लावील. एकवीसची एकवीस सोडली. आन् म्हणलं मी पुढं जाऊन पाणी बगतो, बैलगाडी मिळाली तर घिऊन येतो, आलो की परत बांधतो. म्हून दावी खांद्यावर घेतली.' अप्पा हाताकडं बघत होते. 'निघालो तर एक उठला. कानाला काळा ठिपका असलेला देवणी. मागं मागं यायला लागला. जरा चालायचा, थांबायचा. मला वाटलं ह्यो आता वाटंतच मरंल. धोंडे मारले मी त्याला. माघारी जा म्हून. तीन मारले. तरी उभाच.'

'मग?'

'वस्ती लागली एक. एका बाईनं तांब्याभर पाणी दिलं. मीच पेलो. म्हणलं जरा टेकतो. टेकलो तो दोन दिस पडून ऱ्हायलो तिच्या ओसरीला. पाय गेलेच न्हाईत माघारी. चांगले व्हते पाय. गेलेच न्हाईत.'

बाहेर कुणाचीतरी रिक्षा वाजत होती.

'गावात आलो तर दावी बगून समदे म्हणले, कुठं विकली. विकली का असं कुणी इचारलंच न्हाई. तेव्हा वाटलं सांगावं. ती बाई तिथंच उभी व्हती, देवणीवाली. तिचा पैला कसा मेला ते गावानं बगितलं व्हतं. तिला काय सांगू? तुजा बैल जिता सोडून आलो? उन्हात बसवून? मागं येत व्हता तर धोंडे मारून?' अप्पांनी मान वर केली. 'ती हाय का अजून?'

मी इथं खोटं बोलायला पाहिजे होतं. रोज बोलतो, पोटापाण्यासाठी बोलतो. नेमकं तिथं खरं बोललो. आहे म्हणालो, आणि ती 'एका घावात सुटला' म्हणाली तेही सांगितलं.

अप्पांनी चिठ्ठी घडी करून माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, 'मग लिहू नगंस. पोरीला बी सांगू नगंस. कुणालाच.'

मला राग आला, मस्तकात गेला माझ्या. म्हणालो, अप्पा, इथं आपल्या पोरीचं लग्न मोडतंय, आणि तुम्ही कोण कुठल्या म्हातारीचं घेऊन बसलाय! ती आज आहे उद्या नाही. तुम्हाला चोर म्हणून घेतलेलं चालतं, अव्वानं लोकांच्या दारात पापड लाटलेले चालतात, मी जन्मभर मान खाली घातलेली चालते, हे कुठलं पुण्य? खूप बोललो. बापाशी असं बोलू नये एवढं बोललो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. 'पुण्य न्हाई,' ते म्हणाले. 'पोरीला दुसरं स्थळ मिळंल. त्या बाईला दुसरं काय मिळणार हाय?' आणि उठून आतल्या खोलीत गेले. जाताना अंगणातल्या दोरीखालून वाकून गेले, दोरीला डोकं लागू न देता.

आठव्या दिवशी मी अहवाल लिहिला. नेहमी एक ओळ लिहितो, ह्या वेळी दोन लिहिल्या. 'गुरं विकलेली नाहीत. सोयरीक करण्यास हरकत नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती, ह्याचाच मला आधार वाटत होता. संध्याकाळी उदगीरहून फोन आला.

'विकली न्हाईत म्हणता,' गृहस्थ शांतपणे म्हणाले. 'लई चांगलं झालं. एक सांगा, दावी माघारी आली होती का?'

ते आमच्यातलेच. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं, आणि होतंही. दोन्ही वाक्यं लिहिताना मी फक्त एवढीच आशा धरून बसलो होतो की हा प्रश्न ते विचारणार नाहीत.

'आली होती,' मी म्हणालो. नाही म्हणालो असतो तर त्यांनी गावात एकाला फोन लावला असता.

'मग?'

त्या एका 'मग'ला माझ्याकडं उत्तर होतं. आख्खं, खरं उत्तर, जे ऐकून कदाचित तो माणूस रडलासुद्धा असता. मी फोन कानाला धरून बसलो. समोरच्या भिंतीला माझ्याच पाटीची दुसरी प्रत टेकवून ठेवलेली होती, 'गोपनीय चौकशी', ती वाचत बसलो. सांगू, असं मनात आलं, आणि डोळ्यांसमोर घागरीवर हात ठेवून बसलेली ती बाई आली. हे माझे वडील आहेत असं सांगावं, असंही आलं. पण मग अहवालावर कोण विश्वास ठेवणार? बापाला वाचवायला लिहिलं म्हणतील. कुठूनही गेलं तरी भिंतच होती.

'साहेब?' ते म्हणाले.

'मी लिहिलंय ते खरं आहे,' मी म्हणालो. माझाच आवाज मला खोटा वाटला.

'बरं,' ते म्हणाले. 'समजलं. शरणार्थ.'

चार दिवसांनी बहिणीला निरोप गेला, पत्रिका जुळत नाही म्हणून. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत. म्हणजे तिलाही कळलं की कुणीतरी काहीतरी सांगितलंय.

पुढं वर्ष-दीड वर्षानं अप्पा गेले. ती बाईही गेल्याचं मी गिरणीवाल्याकडून मुद्दाम काढून घेतलं. भाचीचं पुण्याला जमलं, बरं चाललंय तिचं. बहिणीला हे मी अजून सांगितलेलं नाही, ती इथंच पहिल्यांदा वाचेल. म्हणून तिला आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीय, तीही लिहून टाकतो.

निरोप आला त्याच आठवड्यात ती लातूरहून आली. डोळे सुजलेले, पण रडत नव्हती, चिडली होती. अप्पांच्या खाटेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, 'दादा, कुणीतरी विष कालवलंय. पोरगी चार दिवस झाले जेवत नाही, मला विचारते, आई, माझ्यात काय खोट आहे? तू सगळ्या जगाच्या चौकशा करतोस. आपल्या पोरीसाठी एवढं कर. कुणी सांगितलं ते शोधून काढ.'

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

'वही काढ ना,' ती म्हणाली. मी वही काढली. तिनं एकेक नाव सांगितलं, शेजारीण, तिची एक जाऊ, उदगीरचा कुणी लांबचा नातेवाईक. मी लिहून घेतली. कुणावर जास्त संशय आहे तेही तिनं सांगितलं, मी त्या नावाखाली रेघ मारली. ती जाऊ फार चांगली बाई आहे.

खाटेवरून अप्पा बघत होते. 'माझं बी लिही,' ते म्हणाले.

'अप्पा, तुमी कशाला हो,' बहीण म्हणाली आणि पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. त्यांच्या पायांवरचं पांघरूण तिनं नीट केलं. त्यांना म्हातारपणामुळं कळत नाहीये असं तिला वाटलं असणार. मग डोळे पुसून माझ्याकडं वळली. 'तुला सापडतं, दादा. तुला नक्की सापडेल. कधी सांगशील?'

मी वही मिटली.

'आठ दिवसांत सांगतो,' मी म्हणालो.